न बघितलेल्या सामन्याची पट्टी

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही, तेवढं माफ असावं. चौथीनंतर हातातली पाटी सुटली. कंडक्टर अप्पांनी हे पान बघितलं असतं तर म्हणाले असते, "कोंबडी शाईत पाय देऊन गेली व्हय गं?" आणि तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं असतं. नावं ठेवायची तर आधी पुरतं बघावं लागतं, हा त्यांचा नियम होता.

नावं ठेवणं हाच त्यांचा स्वभाव. लग्नात तीनदा वरण मागून घ्यायचे, पोटभर जेवायचे आणि हात धुता धुता सांगायचे, "वरणात दम न्हाई." नवरदेवात दम नाही, मांडवात दम नाही, आमदाराच्या भाषणात तर मुळीच नाही. पण भाषण उठून न जाता संपेपर्यंत ऐकायचे. कुणी ऐकीव गोष्टीवर बोटं मोडली की त्याच्यावरच घसरायचे, "तू बघितलास का? मग कामून बोलायलास?"

जन्मभर त्यांनी उदगीर-कमलनगरच्या गाडीवर तिकिटं फाडली. सुटे नसले की तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून द्यायची, उतरताना माणसानं ती मागून घ्यायची, ही सगळ्याच कंडक्टरांची रीत. पण माणूस विसरून उतरला तर दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यात गाठून पैसे देणारे हे एकटेच. देताना मायेचा शब्द नाही. "पैसे टाकून पळायलास, घरी टांकसाळ हाय व्हय?" घेणाऱ्यालाच वाटायचं आपण चोरी केली.

म्हणून वस्तीत एप्रिलातल्या जयंतीची पट्टी, म्हणजे वर्गणी, तेच गोळा करायचे. दुसऱ्या दिवशी विहाराच्या ओट्यावर उभं राहून पैशापैशाचा हिशेब मोठ्यानं सांगायचे. एका वर्षी उदगीरचा बँड वाटेतच गाडी मोडून अडकला, आलाच नाही. अप्पांनी बँडवाल्याकडून आगाऊ दिलेला विसार परत आणला आणि घरोघर जाऊन पट्टी परत केली. लोक म्हणाले, राहू द्या, पुढच्या वर्षी कामाला येतील. अप्पा म्हणाले, "न वाजलेल्या बँडची पट्टी पचत न्हाई."

माझी सुजाता खो-खो खेळते. तिला पहिल्यांदा नावं ठेवली ती अप्पांनीच. "पोरीला पळायला येतंय, बसायला येत न्हाई. अर्धा खेळ बसण्यात हाय." ती रडत घरी आली आणि दुसऱ्या दिवशीपासून चुलीपुढंसुद्धा उकिडवी बसू लागली, हाक मारली की उठायला तयार. पुढं गुलबर्ग्याच्या वसतिगृहात गेली, मोठ्या संघात गेली. मी तिचा एकही सामना धड बघितला नव्हता. तालुक्याच्या मैदानावर गेले होते, पण एवढ्या माणसांत पुढं जायचा धीर झाला नाही. भिंतीच्या मागं उभी राहिले आणि शिट्ट्या तेवढ्या ऐकून आले.

मग ती दूरच्या शहरात मोठ्या स्पर्धेत उतरली. वाटलं, आता टीव्हीवर दिसेल. घरातल्या घरात, पदर सारखा न करता लेकीला बघता येईल. पण टीव्हीवर ते नव्हतंच. एका कंपनीनं सगळे सामने विकत घेतले होते, आणि ते फक्त तिच्या ॲपवर. तेही वर्षाचे पैसे एकदम भरले तर. माझा फोन बटणाचा. अप्पांच्या फोनवर ते ॲप उतरेना.

अप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "खेळ पोरीचा, घाम पोरीचा, आन् कुलूप ह्यांचं? उद्या उन्हाला कुलूप लावतील."

तरी त्यांना सामना बघायचाच होता. न बघता नावं कशी ठेवणार? त्यांनी पट्टी काढली. जयंतीला काढतात तशीच, घरटी. एकानं तिकीट काढायचं आणि गाव भरून बघायचं, हे आम्हाला अगदी सरळ वाटलं. माझी शिलाईची दोनशेची नोट सगळ्यात मोठी होती. अप्पांनी ती उलटसुलट बघितली. "सुजीच्या माय, घरात मीठ तरी हाय का?"

"हाय की."

"मग दे."

कमलनगरच्या कंप्यूटरच्या दुकानात पैसे भरले. दुकानातल्या पडद्यावर अप्पांनी चालू करून बघितलं, छान दिसत होतं. एका वेळी एकच पडदा चालेल, असं दुकानदारानं बजावलं. अप्पा म्हणाले, "पडदा एकच हाय. पुढं माणसं किती बसवायची हे कुठं लिवलंय?" आमच्या विहारात पोरांच्या अभ्यासासाठी एका साहेबानं दिलेला जुना कंप्यूटर होता. त्याच्यावर चालतं का, हे बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पैसे भरले म्हणजे दिसणार. तिकीट काढलं म्हणजे गाडीत जागा.

सामन्याच्या दुपारी विहार भरला. सतरंज्या टाकल्या, बायांनी भाजलेल्या शेंगा आणल्या. मी दाराशी बसणार होते, अप्पांनी ओरडून पुढं बसवलं. "भिंतीमागनं बघायचा काळ गेला. हितं बस." अंगणवाडीच्या वैशालीनं कंप्यूटर लावला. पडद्यावर एक गोल चकली फिरायला लागली. फिरली, फिरली आणि थांबली. खाली इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणायलंय?" अप्पांनी विचारलं.

वैशालीनं तिथल्या तिथंच दोनदा वाचलं. "हा कंप्यूटर जुना हाय म्हणतंय अप्पा. ह्याच्यावर चालणार न्हाई. नवा घ्या म्हणतंय."

"पैसे घेताना जुना नव्हता व्हय?"

त्यांनी कंपनीला फोन लावला. आधी एक दाबा, दोन दाबा झालं. अप्पा त्या आवाजालाच "माणूस दे, माणूस!" म्हणून दटावत होते. शेवटी एक मुलगी हिंदीत बोलली. तुमच्या मशीनवर ॲप बसत नाही, नवं घ्या. पैसे परत मिळत नाहीत. अप्पांनी हैदराबादी बोलीत तिला विचारलं, "अम्मा, कंप्यूटर पुराना है, आँखां तो अच्छे हैं ना हमारे?" सगळा विहार हसला. ती मुलगी हसली नाही. आणखी काही मदत करू का, म्हणाली.

"अजून मदत!" अप्पांनी फोन ठेवला. "तिकीट फाडून हातात द्यायचं आन् मग सांगायचं, तुझी चप्पल जुनी हाय, गाडीत चढू नको. जन्मात असा कंडक्टर बघितला न्हाई."

मी मान खाली घालून शेंगा सोलत बसले. एकही खाल्ली नाही. तिकडं माझी लेक खेळत होती आणि इथं चकली फिरत होती. पण लोक उठले नाहीत. का ते मला अजून सांगता येत नाही. संध्याकाळी सुजाताचा फोन आला तेव्हा निम्मी माणसं तिथंच होती.

"आई, जिंकलो! बघितलीस का?"

"न्हाई गं," मी म्हटलं.

अप्पांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, आवाज मोठा केला आणि गाडी सोडताना म्हणायचे तसं म्हणाले, "राईट! पहिल्यापासून सांग पोरी. निकाल विसरून जा. आम्हाला काय ठावं न्हाई."

ती थोडं थोडं सांगे आणि अप्पा ते उभं राहून पुन्हा गर्जून सांगत. "आता आपली सुजी बसलीय! पाठीवर थाप पडली, खो! उठली! समोरची खांबाकडं पळायलीय, खांबाला वळसा घालायलीय... सुजीनं सूर मारला!" आणि थांबले. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, तरी मी बसल्या जागी पुढं सरकले. "धरली!" म्हणाले तेव्हा बाया ओरडल्या, सतरंजीवर शेंगा उधळल्या. मीही ओरडले. माझा आवाज मीच ऐकला.

शेवटी फोनमध्ये तोंड घालून अप्पा सुजाताला म्हणाले, "खेळात दम हाय का न्हाई ते मी सांगू शकत न्हाई. मी बघितला न्हाई." कंपनीवरचा त्यांचा खरा राग तोच होता. पैसे गेले ते गेले, पण तिनं त्यांची नावं ठेवायची सोय काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पट्टी परत करायला सुरुवात केली. स्वतःच्या पेन्शनमधून. लोक म्हणाले, अहो ऐकला की सामना, पैसे वसूल. अप्पा म्हणाले, "पट्टी बघायची काढली होती. ऐकायची न्हाई." एकेक घर फिटत गेलं. कंपनीनं मात्र दिडकी परत केली नाही. वर्ष सरत आलं तेव्हा अप्पांच्या फोनवर तिचा निरोप आला, मुदत संपतेय, पुन्हा भरा. "उपाशी उठवलं आन् आता पुढच्या पंगतीचं आवतन द्यायलेत," म्हणाले आणि थुंकले.

माझे दोनशे तेवढे राहिले. दर बाजाराच्या दिवशी अप्पा नोट घेऊन दारात यायचे. मी म्हणायची, "राहू द्या अप्पा, पुढच्या बाजाराला." ते रागावायचे, ओट्यावर बसायचे, माझ्या चहाला नावं ठेवत चहा प्यायचे, कंपनीचा उद्धार करायचे आणि नोट परत घेऊन जायचे. मला ठाऊक होतं, नोट घेतली की हे येणं संपलं. मी बोलणारी बाई नाही. माझ्याकडं उगीच येऊन बसणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं. गुलबर्ग्याला न्यायला जीप आली. वस्ती गोळा झाली होती, मी आपली खिडकीआड. जीप माझ्या दारापुढं थांबली आणि आतून आवाज आला, "सुजीच्या माय, भाईर ये!"

सगळ्यांच्या देखत मी गेले. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हातात तीच नोट.

"अप्पा, आल्यावर घेते की," मी म्हटलं.

"गाडीतनं उतरताना पाशिंजरनं बाकी मागायची असती. तू कुठली मागतीस! आता मीच उतरायलोय. धर."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात पुढं केला. नोटेवर एक रुपयाचं नाणंही होतं.

"हे कशाला?"

"वरीस झालं, त्याचं व्याज. कंपनीला लाज न्हाई, मला हाय." मग माझ्या मुठीवर मूठ दाबून म्हणाले, "फिटले का?"

"फिटले," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

तेव्हा कुठं त्यांनी जीपच्या पत्र्यावर थाप मारली, "राईट!"