प्रवरेकाठी झेलमची लढाई

लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात मी धोंड्याला कोल्हारला गेलो, आणि सासऱ्यांनी मला लढाईला बसवलं. धोंड्याच्या जावयाला अनारसे पचवण्यापलीकडे काही काम नसतं, अशी माझी समजूत होती.

सासरे निवृत्त मास्तर. इतिहास शिकवायचे. झेलमच्या काठी ग्रीकांकडून आपला राजा हरला हे त्यांनी दरवर्षी वर्गाला सांगितलं आणि दरवर्षी त्यांना ते लागलं. तो जिंकू शकला असता का, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. म्हणून ओटीवरच्या टेबलावर ते ती लढाई पुन्हा पुन्हा मांडत. प्रवरेच्या वाळूचे दोन काठ आणि मध्ये नदी म्हणून निळीत बुडवलेलं जुनं धोतर. पायदळ चिंचोक्यांचं, आपलं अख्खं आणि ग्रीकांचं फोडून पांढरं केलेलं. घोडेस्वार म्हणजे सागरगोटे. हत्ती मात्र बैल होते, गेल्या पोळ्याचे, मातीचे. हल्ला झाला की दोघांनी कवड्या टाकायच्या, मोठं दान पडेल तो पुढे सरकणार. लग्नाआधी माझी बायको ग्रीकांकडून खेळायची. ती नांदायला आल्यापासून सासरे एकटेच दोन्ही बाजू खेळत, आणि स्वतःला काही फसवता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"जावईबापू, तुम्ही ग्रीक," ते म्हणाले. "मला नवा बेत सुचलाय. तो खरा की खोटा, ते आज कळेल."

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "अवो, जावाई धोंड्याला आल्यात. त्यास्नी हरवून पाठवनार हाय का तुमी?"

"खेळ आहे हा."

"आसू द्या की. माझ्या घरात ह्या महिन्यात जावाई हरायचा न्हाई."

सासऱ्यांनी टेबलाला एक फेरी मारली. मग त्यांनी अख्खे चिंचोके माझ्याकडे सरकवले. मी आपला राजा व्हायचं, त्यांचा बेत मी चालवायचा, आणि ग्रीक होऊन ते स्वतः तो मोडायला बघणार. बेत खरा निघाला तर राजाही जिंकेल आणि जावयाचा मानही राहील.

बेत सोपा होता. ग्रीक समोर तळ ठोकून बसतो आणि गुपचूप वरच्या वळणाला नदी उतरतो. तेव्हा त्याला पाण्यातून वर येतानाच हत्तींनी गाठायचं. मी सगळे बैल वळणाला नेऊन ठेवले. पुरणाच्या धोंड्यांनी डोळे जड झाले होते, तरी दानं अशी पडली की मला सेनापती झाल्यासारखं वाटू लागलं. कचेरीत मला साधा शिपाईसुद्धा जुमानत नसे.

"मामा, आता तुमचं काही खरं नाही," मी म्हणालो.

सासरे घोड्यांवर हात ठेवून थांबले होते. घोडे वळणाला गेले असते, तर त्यांचाच बेत जिंकला असता. पण मी हत्ती हलवल्यामुळे समोरचा काठ उघडा पडला होता. ते त्यांना दिसलं होतं. माझ्यामागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोलाही दिसलं असावं, कारण तिने श्वास रोखला होता. मला दिसलं नव्हतं.

त्यांनी घोडे समोरूनच उतरवले. चार दानांत माझा राजा धरला गेला.

"हरवलंच शेवटी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"मी नाही हरवलं. बेतातच भोक होतं," सासरे म्हणाले. आवाज पडलेला होता. "मला दिसलं ते ग्रीकाला दिसलं नसतं का? न दिसल्यासारखं करून मला काय कळलं असतं?"

दुपारच्या सर्व्हिस मोटारीने मला नगरला निघायचं होतं, म्हणून मी उठलो. सासरे एकेक चिंचोका उचलत होते. मध्येच हात थांबला.

"जावईबापू, निम्मे हत्ती समोरच ठेवले तर?"

"बघावं लागेल," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

सासूबाईंनी माझी वळकटी उचलून आत नेली. परत आल्या त्या माझ्या पाठीशीच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्या डावाला समदे बैल एकाच जागी नेऊ नगा."