बाबल्याच्या पोटात दुर्बीण

मालवणातल्या आमच्या दवाखान्यात औषधं वेळेवर येत नसत, किस्से मात्र न बोलावता येत. ऐंशीच्या दशकात पोटात घालायची दुर्बीण आली आणि मग विचारूच नका. त्यातले फक्त तारकर्लीच्या बाबल्याचे सांगतो.

बाबल्या सहा वर्षांचा. त्याचं उजवं वृषण खाली उतरलेलंच नव्हतं, हाताला कुठे लागतही नव्हतं. आजीचं निदान तयार होतं. "थंडीन वर गेला. उन्हाळो इलो काय येतला खाली."

असे किती उन्हाळे येऊन गेले होते!

* * *

"दुर्बीण घालून पोटात शोधू," मी म्हणालो. आजोबा ताडकन उठले. दुर्बीण म्हणजे बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरातली, एवढंच त्यांना ठाऊक.

"डॉक्टरांनू, माझो एकच नातू. त्येचो वंश आताच बंद करतास?"

त्यांना खाली बसवेपर्यंत माझा चहा गार झाला.

* * *

घरात एकच घोर. ते पोटात आहे, की मुळातच नाही? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आजोबा हसत आले. "देवाक कौल लावलंय. उजवो दिल्यान, म्हणजे होकार. पोटात आसा."

"मग मी कशाला बघू?"

"देवान आसा म्हणान सांगल्यान. खंय ता तुमी बघा. सगळा देवानच करूचा काय?"

* * *

दुर्बिणीला डोळा लावायची जागा एकच. जांघेच्या वाटेपाशी, पोटाच्या आतच ते दिसलं आणि मी आनंदाने ओरडलो. मग सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांना बघायचं होतं. पुण्याहून आलेले आमचे कडक भूलतज्ज्ञसुद्धा रांगेत!

त्याच वेळी ते खाली आणून जागेवर बसवलं.

* * *

पण बाबल्या लवकर शुद्धीवर येईना. आमचेही चेहरे उतरले. भूलतज्ज्ञांनी सगळ्यांना दम भरला, "खाटेपाशी कोणीही तोंड उघडायचं नाही."

आजोबांना राहवेना. हात जोडून त्यांनी हळू आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तेव्हाच ते देवाला पोचतं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक डोळे उघडूची बुद्धी दी, आणि परत खेळाक लाव रे म्हाराजा."

भूलतज्ज्ञांच्या धाकाने सगळे गप्प. आजोबा केविलवाणे होऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

तेवढ्यात खाटेवरून, मिटल्या डोळ्यांनी, जडावलेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."