निर्यातीचा मासा

रत्नागिरीची मासळी आमच्या कारखान्यात साफ होते, गोठते आणि परदेशी जाते. मी तिथे क्वालिटी बघतो. घरी एखादा किस्सा सांगितला की बायको म्हणते, "थापा मारू नका!" मग सांगणंच बंद केलं आणि किस्से साठत गेले.

*

परदेशाशी नवा करार झाला, तिकडचा कर उतरला, मागणी वाढली. मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले! मासे साफ करणाऱ्या बायकांत सर्वांत जुनी सुगंधाताई. ती म्हणाली, "सायेब, आता जेटीवर आमच्यासाठी काय ऱ्हायल?"

"अहो, आधी पेढा खा!"

तिने खाल्ला.

*

पुढच्याच आठवड्यात मी जेटीवर गेलो. बोटीतला सगळा माल ट्रकात चढत होता. बोट चालवणाऱ्या ओळखीच्या तांडेलाला म्हटलं, "एक तरी सुरमई दे रे!"

"सगला माल बुक हाय."

"कोणी केला?"

त्याने माझ्या शर्टावरच्या कंपनीच्या नावाकडे बोट दाखवलं.

*

त्याच रविवारी बायकोने ताटात मासा वाढला. पाकिटातला. व्हिएतनामचा! "स्वस्त पडला," म्हणाली. अहो, आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो! मी हादरलोच, पण खाल्ला.

*

निदान तारलीसारखा स्वस्त मासा तरी गरिबाला मिळेल, असं मला वाटायचं. तारली दळून तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचं खाद्य करतात आणि ती कोळंबी परदेशी जाते, हे सुगंधाताईला सांगितलं.

"म्हंजे कोलंबी मासे खाते, आन् आमी डाल?"

*

मग तिची लेक बाळंत झाली. दूध येत नव्हतं. आमच्याकडे दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं, म्हणजे छोट्या शार्क माशाचं, कालवण देतात, पण बोटी निर्यातीच्या मालामागे, मोरी आणतंय कोण! सुगंधाताई चार दिवस रिकामी पिशवी घेऊन फिरली आणि माझ्याकडे आली. "सायेब, मोरी नाय तर नाय. कसलाय येक तुकडा द्या."

आतला मासा बाहेर न्यायचा नाही, असा नियम. मी नाही म्हटलं. हातात रोज टनभर मासा असणाऱ्या बाईला! फार लाज वाटली.

*

त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाचा साहेब तपासणीला आला. बाहेरचा मासा आत आणायचा नाही, हाही नियम. म्हणून त्याने बायकांचे डबे उघडायला लावले. डाळ, बटाटा, डाळ, नुसता भात. एकाही डब्यात मासा नाही! साहेब खूश. चक्क टाळ्या वाजवल्या आणि कंपनीला सर्टिफिकेट दिलं.

सुगंधाताईने मला विचारलं, "काय लिवलान सायबान?"

"बायका नियम काटेकोर पाळतात, असं."

तिने डब्याला झाकण लावलं.

"मग माज्या लेकीला पन द्या येक सर्टिफिकेट. ती घरात ऱ्हावन नियम पालत्ये."