भोरड्या बघायला पुसेगावला

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. लांबून ऐकायची सवय लागलीय तुम्हाला, ती मोडा. कुरुंद्याच्या लेकी तुम्ही, पुण्या-मुंबईला नांदता. फोनवर मला सिंगापूरच्या बागेतले पोपट दाखवता, आणि आपल्या शिवारात कोणतं पाखरू कधी उतरतं असं विचारलं की गप बसता. म्हणून हे लिहायला घेतलं. परदेशाचं वर्णन लिहिणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. मी कुरुंद्याहून पुसेगावला जाऊन आले, तेच सांगते. पासपोर्ट लागला नाही, पण नियम तेवढेच होते.

माझी पुतणसून सुमन हिंगोलीला शाळेत शिकवते. तिथं पक्षी बघणाऱ्या सात-आठ जणांचा एक गट आहे आणि त्याचे पुढारी एक निवृत्त सर. पळस फुलला की आपल्याकडं भोरड्यांचे थवे दिसायला लागतात (अंगानं गुलाबी, डोक्यानं काळी मैना, पुस्तकात हिला पळसमैना म्हणतात). त्यातला पहिला थवा कुणाला दिसतो, यावर हिंगोलीच्या गटाची आणि कळमनुरीच्या गटाची दरवर्षी चुरस. कळमनुरीवाले दोन वर्षं जिंकून राहिले होते. जिंकल्यावर मिळतं काय, तर फोनवर चाळीस अंगठे. या वर्षी सुमनला आठवलं की माझी नणंद द्वारका पुसेगावला असते आणि भोरड्या ज्या ज्वारीवर तुटून पडतात ती तिच्या रानात अजून उभी आहे. झालं, मी एकदम मोठी माणूस झाले.

आदल्या दिवशी सुमनच्या फोनवर नियम आले. भडक कपडे नकोत. अत्तर नको. बांगड्या वाजायला नकोत. बोलायचं तर मुळीच नाही. हा शेवटचा नियम तिनं वाचला तेव्हा घरातले सगळे माझ्याकडं बघून हसले. आमच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडलेली. या दिवसांत माझं एकही लुगडं असं नसतं ज्याला पिवळा हात लागलेला नाही. त्यातल्या त्यात कमी पिवळं नेसले.

सकाळच्या गाडीनं औंढ्यावरून हिंगोली गाठली. तिथून सरांची जीप. सरांच्या अंगावर शेवाळी रंगाचा खिसेच खिसे असलेला अंगरखा, गळ्यात दुर्बीण, डोक्याला तसलीच टोपी. माझ्या लुगड्याकडं त्यांनी असं बघितलं जसं वर्गात उशिरा आलेल्या पोराकडं बघतात. मग सुमनची तपकिरी शाल माझ्या अंगावर टाकण्यात आली. फागुनातलं ऊन, वर शाल. मी जीपमध्ये शिजत राहिले, आमच्या हळदीसारखी.

सेनगावच्या रस्त्याला लागलो तशी जीप एकाएकी थांबली. लांब बाभळीवर काहीतरी काळं बसलं होतं. सगळे दबक्या पावलांनी उतरले. सर म्हणाले शिकारी पक्षी आहे, बहुधा दुर्मिळ. एकानं वही काढली, दुसऱ्यानं हातभर लांब कॅमेरा. पंधरा मिनिटं ते हललं नाही. मग वारा आला आणि त्या दुर्मिळ पक्ष्याच्या पोटात हवा भरली. कुण्या शेतकऱ्यानं पाखरं भ्यावीत म्हणून खताची रिकामी पिशवी बांधली होती. पाखरं भ्यायली का माहीत नाही, माणसं मात्र फसली. वहीतली ओळ खोडण्यात आली.

पुसेगावला पोचलो तेव्हा द्वारका वाटच बघत होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हाडानं काटक, बोलणं थोडकं. "वैनी, आजारी हाव का? शाल काहून पांघरली?" म्हणून तिनं पहिल्यांदा शाल काढून घेतली. मी त्या घडीला तिला मनातून जमीन लिहून दिली.

पाण्याच्या हौदापाशी ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं बसली होती. पन्नासेक असतील, सगळी एकाच दिशेला तोंड करून, जणू पंगतीला बसलेली. सर हरखले. हळू आवाजात म्हणाले की ऊन वाढलं की ही दूरदूर जातात, आणि जाण्याआधी मातीतले क्षार शोषून घेतात. मग ते पोटावर आडवे झाले, कोपरांवर रांगत पुढं सरकले आणि फोटो काढायला लागले. द्वारका थोडा वेळ बघत राहिली.

"सर," ती म्हणाली, "जरा इकडल्या अंगाला झोपा. तिथं म्हैस मुतली हाय, म्हणून तर बसलेत ते."

सर उठले नाहीत. शास्त्रापुढं इलाज नसतो. त्यातलं एक फुलपाखरू उठून माझ्या पदराला येऊन बसलं, भडक कपड्याचा नियम त्याला कुणी सांगितला नसावा.

जेवायला ज्वारीच्या कण्या, ताक आणि जवसाची चटणी. (कण्या म्हणजे ज्वारी भरडून भातासारखी शिजवलेली.) सर तीनदा मागून जेवले, ताटली बोटानं पुसून घेतली. खुंटीला गोफण टांगली होती, ती त्यांनी काढली आणि बोलता बोलता तिचा फासा बराबर मधल्या बोटात अडकवला. मग कुणी बघतं का असं वाटून परत टांगली. मी बघितलं होतं.

आता नीट ऐका. द्वारकाच्या रानात बाकी सगळी हळद आणि हरभरा. बांधाजवळ एक पट्टा ज्वारीचा, पाच-सहा ओळींचा. ही तिच्या सासूच्या हातची जुनी ज्वारी, दाणा टणक आणि भाकर गोड. गावात आता कुणी लावत नाही. द्वारका दरवर्षी बी राखेत घालून मडक्यात ठेवते. मागच्या पावसाळ्यात घर गळलं, मडक्यात पाणी शिरलं, अर्धं बी कुजलं. उरलं ते सगळं तिनं या पट्ट्यात पेरलं, तेही उशिरा. म्हणजे आता जगात त्या ज्वारीचं जेवढं काही आहे, ते त्या पाच-सहा ओळींच्या कणसांत. चार दिवसांत कापणी. तोवर ती उजाडल्यापासून माळ्यावर बसते (चार खांबांवरची उंच बैठक, पाखरं राखायला).

आणि आमच्या सरांनी तिला विनंती केली की थवा उतरला की दहा मिनिटं हाकलू नका. पाखरं लांब मध्य आशियाकडं घरी निघालेली आहेत, वाटेत पाहुणी म्हणून टेकतात. शिवाय वर्षभर किडे खातात, शेतकऱ्याचे मित्र आहेत.

"किडे खा म्हणावं की," द्वारका म्हणाली. "त्याला कोण न्हाई म्हणतं?"

पण घरी आलेल्या माणसांना ती नाही कशी म्हणणार? तिनं माझ्याकडं बघितलं. आणि पोरींनो, तुमच्या या शहाण्या काकूनं, चार शिकलेल्या माणसांत आपला मान राहावा म्हणून, सांगून टाकलं: "दहा मिनिटांनी काय होतंय, द्वारकाबाई." दहा मिनिटांनी काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीही लहानपणी माळ्यावर बसलेली आहे.

उन्हं कलली. गट बांधाआड बसला. मी आणि द्वारका माळ्यावर, गोफण दोघींच्या मधे. ती बोटांवर पट्ट्यातल्या ओळी मोजत राहिली, आणि ते मोजणं मला आख्ख्या प्रवासात सगळ्यात जड गेलं.

मग नाल्याकडून आभाळातून एक चादर झटकल्यासारखी आली. वळली, पसरली, पुन्हा आवळली. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. आणि सूंऽ सूंऽ असा आवाज करत ती सगळी चादर पट्ट्यावर पडली. कणसं वाकली. टकाटक चोची चालायला लागल्या. द्वारकानं पदराचा शेव दातांत धरला होता. माझा हात गोफणीवर होता आणि माझाच शब्द त्या हातावर बसला होता.

तेवढ्यात बांधाआडून आवाज फुटला. "हाऽऽऽ हा, हाऽऽऽ." असा खणखणीत, पोटातून आलेला आवाज, की द्वारकाही दचकली. बघते तर सर. दुर्बीण पाठीवर फेकलेली, टोपी गेलेली, दोन्ही हात वर करून ते ज्वारीत पळत होते. दहा मिनिटं मागणाऱ्या माणसानं एक मिनिटही काढलं नव्हतं.

मग काय विचारता. मी गोफण फिरवली, द्वारकानं डबा बडवला, सुमन ओरडली, तिच्यामागं सगळा गट. नियम लिहिणारे, नियम पाळणारे, सगळे एका सुरात. थवा उठला आणि नाल्याकाठच्या पळसांवर जाऊन बसला. लाल फुलांत गुलाबी पाखरं. मध पीत, भांडत, कलकल करत. तिथं कुणाचं काही बिघडत नव्हतं. आम्ही उन्हं जाईपर्यंत बघत राहिलो.

सर धापा टाकत माळ्याखाली बसले. कुणाकडं बघेनात. मग म्हणाले, "बाप मारायचा हो. पाखरांनी कणीस खाल्लेलं दिसलं की मारायचा. हाक आपोआप निघाली."

द्वारका एवढंच म्हणाली, "सर, आवाज चांगला हाय. उद्या सकाळून येता का?"

कॅमेरावाल्यानं थवा उतरतानाचा म्हणून जो फोटो घेतला, त्यात पाखरू एकही नाही. सर आहेत, हवेत, एक चप्पल पायात. पळसावरचे फोटो मावळतीच्या उजेडात नुसते काळे ठिपके आले. तो फोटो गटावर टाकायचा की नाही यावर जीपमध्ये हिंगोलीपर्यंत चर्चा झाली. टाकला नाही. या वर्षीही कळमनुरीवालेच जिंकले म्हणतात.

निघताना मी द्वारकाची माफी मागायला तोंड उघडलं. तिनं ऐकूनच घेतलं नाही. पट्ट्यातून फिरून आली होती. एका कडेच्या ओळीची कणसं टोचलेली, बाकी बी शाबूत. कापणी झाली की मूठभर तुमच्याकडं ठेवा वैनी, म्हणाली, म्हणजे एकाच घराच्या छपरावर भरवसा नको. ती मूठ आता माझ्याकडं आली आहे. राखेत घालून मडक्यात ठेवलीय.

घरी आल्यापासून एकच गोष्ट मनात घोळून राहिलीय. ती पाखरं एवढ्या लांब आपल्या घरी निघालेली. वाटेत बोलावणं नसताना आपल्या रानात उतरतात, आणि आपण डबे बडवून त्यांना उठवतो. तुम्हाला मी दर सणाला बोलावते, तर तुम्ही फोनवर पोपट दाखवता. दिवाळीनंतर त्या मुठीतली ज्वारी हुरड्याला येईल, पण तोवर थांबू नका. पळस अजून झडला नाही, या आठवड्यातच या. हवं ते भडक नेसा, बांगड्या वाजवा, वाटेल तेवढं बोला. तुम्ही आलात तर इथं कुणी ओरडून हाकलणार नाही.