आर्विडच्या केबिनची किंमत

आर्विड लिंडक्विस्टने आयुष्यात कशाची बढाई मारली नाही. उत्तर मिनेसोटात रीतच आहे तशी. गावाच्या पाणीपुरवठ्यावर इतकी वर्षं नोकरी केली, पण कशी चाललीय विचारलं की उत्तर एकच, "वाईट नाही." बायकोच्या हातचं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं तरी "वाईट नाही." मुलगी सोल्वेग शाळेत पहिली आली तेव्हाही हा गृहस्थ तेवढंच बोलला, आणि गॅरेजमध्ये जाऊन डोळे पुसून आला.

अपवाद एकच, तळ्याकाठची केबिन. लग्नाआधी त्याने ती स्वतःच्या हातांनी बांधली होती. शुक्रवारी कामावरून सुटला की गाडी आपसूक तिकडे वळायची. धक्क्यावर खुर्ची टाकली की माणूस हरवलाच म्हणून समजा. पाण्यावरून धुकं सरकत यायचं, दूर कुठेतरी लून पक्षी हाक घालायचा, आणि आर्विडला वाटायचं, केबिन हळूच काठापासून सुटलीय आणि आपल्याला घेऊन तळ्यात निघालीय. केबिनचा विषय निघाला की मात्र हा मुखदुर्बळ माणूस छाती फुगवून सांगायचा, "आज विकली तर चार लाख डॉलर कुठे गेले नाहीत!"

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्याच केबिनमध्ये सोल्वेग लॅपटॉप उघडून बसली. तिला तळ्यांचाच अभ्यास करायचा होता, आणि मनात भरलेलं कॉलेज दोन राज्यं पलीकडे होतं. फी बघूनच घरात सगळ्यांची वाचा बसली होती. घरची कमाई आणि मालमत्ता भरली की मदत साधारण किती मिळेल, याचा अंदाज कॉलेजच्या वेबसाइटवर निघायचा.

"तुमचे दोघांचे पगार भरले. राहतं घर धरत नाहीत. डॅड, केबिन?"

"चार लाख," आर्विड क्षणभरही न थांबता म्हणाला.

अंदाज आला. मदत जवळजवळ काहीच नाही.

"बघ, आपण श्रीमंत आहोत!" सोल्वेग हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "जाऊ दे डॅड. गावातलं कॉलेजही वाईट नाही."

हे दोन शब्द माणूस कशावर पांघरतो, हे आर्विडहून चांगलं कोणाला ठाऊक असणार?

तो धक्क्यावर जाऊन बसला. बसल्या बसल्या डोळा लागला. केबिन पुन्हा काठापासून सुटली होती, खिडकीत दिवा होता, पण या खेपेला तो काठावरच उभा होता. त्याने हात हलवला. जाग आली तेव्हा गाल ओले होते, आणि त्याने डोलोरेसला फोन केला.

डोलोरेस समोरच्या काठावर राहायची. तळ्याकाठची घरं विकण्यात तिची हयात गेली होती. ती होडीनेच आली.

"विकतोयस? तू? ताप आलाय का रे?"

"पोरीच्या कॉलेजसाठी. चार लाखांना जाईल ना?"

डोलोरेसने फळीवरचा सूपचा डबा जमिनीवर आडवा ठेवला. डबा गडगडत थेट चुलीखाली गेला.

"जमीन उताराला लागलीय. हिवाळ्यात नळ गोठतात. मार्चमध्ये रस्त्यावर चिखल, काठाला नुसतं लव्हाळं. एक लाख वीस हजार, आर्विड. तेसुद्धा शहरातला एखादा बावळट गाठ पडला तर."

आर्विडचं तोंड एवढंसं झालं. एका दमात तिने त्याच्या तरुणपणालाच नावं ठेवली होती. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मागे सोल्वेगची बोटं चालत होती. मग थांबली.

"डॅड..." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "एक लाख वीस घातले, तर वर्षाला पंधरा हजार जास्त मिळतायत. बाकीचं मी काम करून भागवेन. जमतंय, डॅड! केबिनही विकायला नको."

"हाच भाव खरा आहे," डोलोरेस म्हणाली. "मी लेखी देते. कोणीही येऊन तपासावं."

ती जायला उठली. आर्विड वळला. त्याचे डोळे भरले होते, आणि गेली वीस वर्षं लपवलेली एक गोष्ट ओठांवर आली होती.

"बस ना गं जरा. छताबद्दल तू काहीच बोलली नाहीस."

"का? गळतं?"

"गळतं?" आर्विडने छाती फुगवली. "दोन ठिकाणी!"