दाजींच्या कॉम्प्युटरचा पंखा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही दाजींना ओळखत नाही.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. कर्जतला भिसेगावात राहतात. त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, मागे फुगीर पडदा असलेला. त्यात त्यांच्या आईची आणि वस्तीतल्या बायांची गाणी होती—भीमाची, जात्यावरची, पाळणे. एकेकीच्या दारात बसून दाजींनी ती कॅसेटवर भरली, मग कॉम्प्युटरवर उतरवली. कॅसेट बुरशीने गेल्या. आईही गेली.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा पंखा घरघरायला लागला, गाणं ऐकूच येईना. मी साजगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलचं काम बघते, म्हणून दाजींनी मला बोलावलं. शिळफाट्यावरून नवा पंखा घेऊन गेले. पॉवर सप्लायचा डबा उघडला—नवा पंखा जाड निघाला, बसेचना. चुकीचा आणलाय, एवढं सांगायला काय जात होतं? पण ताई शेजारणीला सांगत होती, "माझी बहीण हाय, तिला सगळं येतं."

मी जुन्या पंख्याची वायर काढली आणि डबा बंद केला. बदलला म्हणून सांगितलं.

कॉम्प्युटर अगदी शांत. दाजींनी आईचं गाणं लावलं, डोळे मिटले. "लय बेस केलंस गं. ती श्वास घेते तो पण ऐकू येतोय."

नंतर मी बरोबर मापाचा पंखा आणला—तो पर्समध्येच राहिला. परत डबा उघडायला कारण काय देणार? पंख्याशिवाय तो तापत जाणार, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. माझं कामच ते.

बुद्धपौर्णिमेला सगळ्यांना गाणी द्यायची, म्हणून दाजी दिवसभर कॉपी करत बसले. संध्याकाळी जळका वास आला. पॉवर सप्लाय गेला, जाताना हार्ड डिस्क आणि लावलेला पेनड्राइव्हही घेऊन गेला. वाचली ती आधी कुणाला तरी दिलेली दोन गाणी. आईचं त्यात एकही नाही.

मलाच बोलावलं. आणि मी—कुणी बघायच्या आत वायर परत जोडली. मग म्हणाले, "दाजी, फार वेळ चालू ठेवलात."

बुद्धपौर्णिमेला विहारात दाजी सगळ्यांपुढे हात जोडून उभे राहिले. "चूक माझी हाय. मीच मशीन दिवसभर चालू ठेवली." मागून एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे रं, तू काय मुद्दाम केलंस?" मी ताईच्या शेजारी बसले होते. उठले नाही.

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. वस्तीतल्या त्या गाणाऱ्या बायांपैकी दोघी अजून आहेत, त्यांची गाणी भरायची आहेत, नवा कॉम्प्युटर हवाय. "तू सांगशील तोच घेतो. माझा काय भरवसा नाय, मी परत बिघडवायचो."

कुठला घ्यायचा ते मी सांगितलं. वर म्हणाले, "सांभाळून वापरा, दाजी."