आप्पांच्या रिव्हॉल्व्हरचा नंबर

त्या उन्हाळ्यात मी दिवसभर लोकांची नावं खोडत होतो. लातूरला पत्र्याच्या एका शेडमध्ये माझं भांडी पॉलिश करायचं दुकान होतं. जिल्हा नुकताच नवा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवून गेला होता. गाव सोडून कामाला निघालेली माणसं घरातली स्टीलची भांडी विकून जात, आणि व्यापारी ती पोत्यात भरून माझ्याकडे आणत. प्रत्येक ताटावर, तांब्यावर काही ना काही कोरलेलं असायचं. मामाकडून भेट, आत्याकडून सप्रेम, लग्नाची तारीख. भांडं नवं म्हणून परत विकायचं तर आधी ते जायला हवं. 'पोरगा नाव काढील' असं माझी आई गावाकडं, मुदखेडात सगळ्यांना सांगत फिरायची. काढतच होतो की.

मोटारीच्या एका बाजूला खरखरीत चाक, दुसऱ्या बाजूला कापडाचं. बोटाला अक्षर लागलं की हात आपोआप भांडं खरखरीत चाकाला लावायचा. डोळ्यांचं काम नव्हतंच ते. माझी बायको दाराजवळ बसून विजेच्या पेनानं नवी नावं टाकायची. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर असं की गिऱ्हाइकं तिच्यासाठी लांबून यायची. गिऱ्हाइकानं दिलेला कागद मी मोठ्यानं वाचायचा आणि तिनं मान खाली घालून कोरायचं. मी वाचलं म्हणजे ते बरोबरच, असा तिचा हिशेब.

शेडचे मालक आप्पा आडतीवर बसत. कपाळाला भस्म, जिभेला साखर. एका दुपारी त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर ठेवलं. स्टेनलेस स्टीलचं, परदेशी बनावटीचं. जिल्हा बदलला म्हणून सगळ्या लायसनवाल्यांनी हत्यार नव्या कचेरीत नेऊन दाखवायचं होतं. पुस्तकातला नंबर आणि हत्यारावरचा नंबर जुळला की शिक्का मिळणार होता. आप्पांचं हत्यार ट्रंकेत पडून पडून डागाळलं होतं.

"परवा साहेबापुढं न्यायचंय. जरा चकचकीत करून दे."

"आप्पा, हे बंदुकीच्या दुकानात द्यायला पायजे."

"ते नांदेडला. परवापर्यंत कोण देतंय करून? बघ, रिकामं हाय. गोळ्या घरी ठिवल्यात."

तिथंच हात जोडायला हवे होते. पण मला माझ्या हाताची घमेंड होती. स्टील ते स्टील, ताट काय आणि पिस्तूल काय, असं मी स्वतःलाच समजावलं.

सुरुवात हातानं केली. बारीक पॉलिश पेपर, मग कापडाला पॉलिशची हिरवी वडी लावून घासणं. अर्ध्या तासात बोटभरही काम सरकलं नाही, आणि वीज चारला जाणार होती. मी मोटार चालू केली. पाठीवरून घामाची धार लागलेली. नळीच्या तोंडाशी जपलं, चापाशी जपलं, काही वाकू नये, कड गोल होऊ नये म्हणून श्वास रोखून काम केलं. मग मुठीच्या वर, बाजूला, बोटाला खरखर लागली. हात खरखरीत चाकाकडे गेला. जित्याची खोड, दुसरं काय! मग कापडाच्या चाकावर अशी चकाकी आणली की त्यात मला माझीच मिशी दिसायला लागली. खोटं कशाला सांगू, मी खूश होतो.

बायको चहा घेऊन आली. कोरलेलं काहीही दिसलं की ते वाचायची तिला सवय. ती खाली वाकली.

"इथं आकडे होते की."

"कसले आकडे?"

"सहा होते. आप्पांनी ठिवलं तवाच वाचले मी. आता दोनच हायत."

मी ते उजेडात धरलं, तिरपं करून बघितलं, बोट फिरवलं. चार आकड्यांची जागा गुळगुळीत. माझं धाबं दणाणलं.

वीज जायच्या आधीच आप्पा आले आणि मी ते त्यांच्या हातात दिलं. आधी ते हसले. मग त्यांनी खिशातून लायसनचं पुस्तक काढलं, हत्याराशी धरलं आणि खालीच बसले.

"नंबर खोडलेलं हत्यार म्हंजे काय, कळतंय का तुला? लायसन तर जाईलच. बेड्या पडतील, मलाबी न् तुलाबी."

मग त्यांची नजर दाराजवळच्या पेनाकडे गेली, तिथून माझ्या बायकोकडे.

"पोरी, तुझं अक्षर छापल्यावानी हाय. पुस्तकात बघून चार आकडे टाक. खोटं थोडंच टाकायचंय? हाय तोच नंबर."

बुडत्याला काडीचा आधार, तसा मी त्या बोलण्याला लटकलो. तिला म्हणालो, "टाक."

"हे भांडं न्हाई," ती म्हणाली.

"टाक म्हणतो ना. मी वाचतो, तू कोर."

इतक्या वर्षांत तिच्यावर मी असा आवाज चढवला नव्हता. तिनं हत्यार मांडीवरच्या फडक्यावर घेतलं, पेनाचं बटन दाबलं. पेन गुणगुणायला लागला. मी पहिला आकडा वाचला. सुई स्टीलच्या अगदी जवळ आली आणि थांबली. मी तोच आकडा पुन्हा वाचला. तिनं बटन बंद केलं.

"खोडलं तुमी. तुमीच जाऊन सांगा. मी आकडा टाकला तर तो माझा हुतोय."

"मग शेड रिकामं करा," आप्पा म्हणाले.

"करू की," ती म्हणाली.

दुसरा उपाय उरला नव्हता, म्हणून परवाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी मी आप्पांबरोबर कचेरीत गेलो. साहेबापुढं मी सगळं सांगितलं. कशाला खोडलास, असं त्यांनी विचारलं. सवयीनं, म्हणालो. तिथले दोघं-तिघं हसले, साहेब हसले नाहीत. माझा जबाब लिहून घेतला, खाली माझी सही घेतली आणि बाकावर बसवलं. तासभर बसलो असेन. आता कुणी तरी येईल आणि दंडाला धरून उठवील, एवढंच डोक्यात चाललं होतं.

शेवटी हत्यारांची माहिती असलेल्या एका हवालदारांना बोलावलं. त्यांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या. आत, लाकडाखाली, सहाच्या सहा आकडे जसेच्या तसे होते. पुस्तकाशी जुळले. हत्यार चौकशीसाठी ठेवून घेतलं, मला खडसावलं आणि जायला सांगितलं. मी दाराशी पोचलो तेव्हा हवालदार मागून म्हणाले, "वरून नवा नंबर पाडून आणला न्हाई, वाचलात. तो वळखू आला असता, आन् पाडणाऱ्याला आधी उचललं असतं."

पाडणाऱ्याला, म्हणजे तिला. मी दोनदा आकडा वाचला होता. स्वतःची मान सोडवायला बायकोची पुढं केली होती, आणि तीही आवाज चढवून. घरी जाऊन मी हवालदारांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. ती पीठ मळत होती. "व्हय," एवढंच म्हणाली आणि मळत राहिली.

महिन्याभरात आम्ही दुसऱ्या गल्लीत दुकान मांडलं. पहिल्याच दिवशी एक बाई कळशी घेऊन आल्या. मी नेहमीसारखा त्यांचा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. बायकोनं पेन उचलला नाही. माझ्या खांद्यावरून तिनं त्या बाईंना विचारलं, "ताई, तुमीच सांगा, काय टाकू?" बाईंनी मी वाचलेलंच पुन्हा सांगितलं, आणि मग पेन सुरू झाला.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं शेजारी बसून काम केलं. मी वाचून दाखवलेलं तिनं पुन्हा कधी कोरलं नाही.